सगळ्यांची छान झाली

४ जून

मावशी,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्यानेच केलेला चालवून घे. खोकं उघडल्यावर आधी पत्र वाच, मग बिस्किटं खा. तू उलटं करणार हे मला माहीत आहे.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. आमचे फोन दिवसभर फाटकावरच्या कपाटात कुलूपबंद असतात, कारण प्रयोगशाळेतली कृती बाहेर जायला नको. आणि तुझा कान फोनवर निम्मं ऐकतो नि निम्मं मनाने भरतो. त्यापेक्षा कागद बरा. कारखान्याची व्हॅन दर आठवड्याला तुझ्या गल्लीवरून जाते. ड्रायव्हर खोकं देईल, तू त्याच्याकडे पत्र दे.

आता काम सांगते. आम्ही मुलांसाठी फायबरचं बिस्किट केलंय. फायबर म्हणजे तुझ्या भाषेत कोंडा. मुलं मैदा आणि साखर खातात, मग पोट साफ होत नाही म्हणून रडतात. हा कोंडा त्यांच्या पोटात आवडीच्या वाटेने गेला तर बरं, असं मला मनापासून वाटतं. एका पुड्यात चार बिस्किटं, मिळून सहा ग्रॅम फायबर. पण हे खरंच उपयोगी पडतं का ते बघायला वीस-बावीस मुलं हवीत, रोज तेच खाणारी, आणि त्यांची शी इमानेइतबारे लिहून ठेवणारं कोणीतरी हवं. असं माणूस जगात एकच आहे. तुझ्या पाळणाघरातली ती शीची वही! प्रत्येक मुलाचं एक पान, आणि संध्याकाळी न्यायला आलेली आई आधी ते पान वाचणार, मग मूल उचलणार. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. आयांच्या संमतीच्या सह्या तेवढ्या घे, आणि सहा आठवडे वहीची नक्कल पाठव.

हे बिस्किट पास झालं तर मॅडम मला शहरातल्या कचेरीत घेणार आहेत. मावशी, तीन वर्षं मी या भिंतीच्या आत आहे. खोली आत, काम आत, जेवण आत. खिडकी उघडली की मैद्याच्या कोठाराची मागची भिंत, हात लांब केला तर लागते. केसांचा व्हॅनिलाचा वास सुटीतही जात नाही.

बाकी मी छान आहे.

तुझी खारू

११ जून

खारुताई,

आशीर्वाद तुला एकदाच कायमचे दिलेले आहेत, दर पत्रात नव्याने मोजत बसत नाही.

गालात बिस्किट दडवून झोपणारी पोर, म्हणून तुझं नाव खारू पडलं. आज तीच बिस्किटं बनवून मला पाठवते. तुझी आई असती तर शेजारपाजाऱ्यांना पुडा दाखवून आली असती. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा म्हणतात. तुम्ही कोंड्याला साखर चोपडून चकचकीत कागदात घातलंत, एवढंच. पण चव बरी आहे. मी चार खाल्ली. आजीबाईंनी सहा खाल्ली आणि म्हणाल्या, दातांत अडकतं.

आजीबाई म्हणजे माझी नवी मदतनीस. नवी म्हणजे वयाने माझ्याहून आठ वर्षं मोठी. तिचे गुडघे आणि माझा कान मिळून एक धड बाई होते, आणि तेवढ्यावर बावीस मुलं चालतात. दोन खोल्या, बाहेरच्या दाराला उंचावर कडी, हिरव्या दारामागे एकच संडास. पण शिस्त अशी की बघणाऱ्याने बघत राहावं. दहाला बिस्किट आणि अर्धा पेला पाणी, साडेबाराला जेवण, मग झोप, तीनला पुन्हा अर्धा पेला, मग हिरव्या दारापुढे रांग. सव्वीस वर्षांत एकही मूल रांग मोडून गेलेलं नाही.

एक नवीन पोरगी आली आहे. साडेतीन वर्षांची, गोल, तोंड कायम मिटलेलं, म्हणून तिला बटण म्हणतो. बोलत नाही, पण पुडा दिसला की दोन्ही हात पुढे. तिची आई दुकानात दिवसभर उभी असते. तुझी आई गिरणीत असायची तशीच.

आठवड्याची नक्कल सोबत जोडली आहे. सगळ्यांची छान झाली. वहीत माझ्या पेन्सिलीच्या काही खुणा असतात, त्या उतरवल्या नाहीत, त्या माझ्या माझ्यासाठी आहेत. दुपारच्या झोपेत सध्या बँड वाजतो, पण तो तुमच्या कोंड्याचा धर्मच असेल.

मावशी

३० जुलै

मावशी,

सहा आठवड्यांच्या तुझ्या नकला मी तक्त्यात भरल्या. बावीस मुलं, रोजच्या नोंदी, आणि जवळजवळ प्रत्येक रकान्यात 'छान'. मॅडम म्हणाल्या, इतका स्वच्छ निकाल मी नोकरीत पाहिला नाही. मीही अहवालाखाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत बघत बसले.

आता दुसरा टप्पा. इतकं सोसतंय तर मॅडमनी फायबर वाढवायचं ठरवलंय. पुड्यात नऊ ग्रॅम. मी म्हटलं, हळूहळू वाढवू या, पोटाला सवय लागायला वेळ लागतो. त्यांनी तुझा तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, यात त्रास कुठे दिसतो ते दाखव. दाखवायला काही नव्हतंच.

वीस सप्टेंबरला दुसऱ्या अहवालावर सही झाली की बिस्किट शाळांच्या मधल्या सुटीत जाईल. एक-दोन नव्हे, सगळ्या शाळांत. आणि मी फाटकाबाहेर. कपाटावरची बॅग काढून पुसून ठेवली आहे. तिच्यात अजून काही भरलं नाही, पण उघडी ठेवली आहे. झोपताना दिसते.

दुपारच्या बँडचं म्हणशील तर तो व्हायचाच. आतड्यात फायबर आंबतं आणि वायू होतो. घाबरू नकोस.

मी छान आहे.

खारू

१९ ऑगस्ट

खारुताई,

नवी खोकी पोचली. मुलं खातात. नक्कल जोडली आहे.

या वेळी लिहायला फारसं काही नाही. उकाडा आहे, खोलीत पंखा एकच आहे, आजीबाईंचा डावा गुडघाही आता संपावर गेला.

सहज विचारते. ओळखीतल्या एका मुलीला आठ दिवस झाले, शी होत नाही. पोट पुढे आलंय, हात लावला की पाय आखडते. भूक नाही, पण बिस्किट तेवढं खाते, आणि मग कोपऱ्यात जाऊन टाचा घट्ट जुळवून उभी राहते. अशा वेळी कोंडा जास्त द्यायचा की कमी? तुमच्या पुस्तकात असेल काहीतरी. मी आपलं कोंड्यानेच वाट होईल म्हणून दोन बिस्किटं जास्त द्यायला सांगितली.

कोंडा पोटात साठून राहतो का गं?

मावशी

२४ ऑगस्ट

मावशी,

हे पत्र ड्रायव्हरच्या हाती खास पाठवते आहे. त्या मुलीला आधी डॉक्टरांकडे न्यायला सांग. बिस्किट बंद. एकही देऊ नका.

कोंडा पाणी पितो, मावशी. पाणी भरपूर असेल तर तो फुगतो, मऊ होतो आणि सगळं पुढे ढकलतो. पाणी नसेल तर त्याचाच बोळा होतो. तुझं पत्र आल्यावर मी एक पुडा चुरून अर्धा पेला पाण्यात टाकला. तासाभराने पेला उलटा केला. काही सांडलं नाही.

मग तुझी सगळी पत्रं काढून वाचली. दहाला अर्धा पेला, तीनला अर्धा पेला. तू हे अकरा जूनलाच लिहिलं होतंस, आणि मी ते तुझी शिस्त म्हणून हसत वाचलं. मी प्रयोगशाळेत काम करते, मावशी. मला ते दिसायला हवं होतं.

आणि हिरवं दार मलाही आठवलं. आत भांड्यावर बसलेली मी, बाहेरून रांगेचा गलका, आणि होत नाही म्हणून घट्ट धरून ठेवलेलं दुखणं. किती वेळा ते मला आठवत नाही. पण वहीत माझं पान आई रोज वाचायची आणि हसायची, हे आठवतं.

त्या मुलीचं नाव बटण आहे का? तिच्या पानावर आठही दिवस 'छान' कसं?

खारू

२ सप्टेंबर

खारू,

हो, बटणच.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी तिची आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. बारावा दिवस होता. डॉक्टरांनी एनिमा देऊन मोकळं केलं. दोन बायांनी हात धरले होते, एवढंच तिच्या आईने मला सांगितलं. आता पोर बरी आहे. पण भांडं दिसलं की भिंतीला चिकटते.

मला वाटायचं घरी होत असेल. तिच्या आईला वाटायचं पाळणाघरात होते. का वाटणार नाही? रोज लिहिलेलं वाचत होती.

आता तुला जे सांगते ते सव्वीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. वही खोटी आहे. मुलं छान नव्हती असं नाही, पुष्कळदा असायची. पण नसली तरी मी छानच लिहायची. पहिलं खोटं 'छान' तुझ्या पानावर लिहिलं. तुझी आई दहा तास यंत्रापुढे उभी राहून यायची, दारातच पान उघडायची, आणि त्या दिवशी मी खरं लिहिलं होतं, तीन दिवस नाही. ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, मी सोडते नोकरी, पोर अशी तळमळते नि मी तिकडे. सोडली असती तर खाल्लं काय असतं? दुसऱ्या दिवशी मी छान लिहिलं. तिचा चेहरा असा सैल झाला, की मग प्रत्येक आईला तेच देत गेले. बाया दमून येतात, खारू. त्यांना घरी न्यायला एक बरा शब्द लागतो.

पाण्याचं म्हणशील तर संडास एक आणि मुलं बावीस. एकेकाला नेऊन बसवायचं, धुवायचं, परत आणायचं, तोवर बाकीची एकवीस कोणी बघायची? पाणी कमी केलं की रांग आटोक्यात येते. मी त्याला शिस्त म्हणत आले.

तू म्हणशील ते करते. पण वही खोटी होती असं माझ्याकडून लिहून मागू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर या दोन खोल्यांत माझ्याशिवाय कोणी उरणार नाही, आणि मला दुसरं काही येत नाही. शिवाय तुझी बॅग उघडी आहे ना? मग कशाला.

मावशी

९ सप्टेंबर

मावशी,

तुझ्यावर रागवायला बसले आणि जमलं नाही. मग माझ्यावर रागावले, ते मात्र जमलं.

मॅडमना मी पाण्याचं सांगितलं. पेलाही उलटा करून दाखवला. त्या म्हणाल्या, मग पुड्यावर लिहू, पाण्यासोबत द्यावे. बारीक अक्षरात जागा आहे. मी म्हटलं, शाळेत तास चालू असताना संडासला सोडत नाहीत, म्हणून मुलं पाणीच पीत नाहीत, बाटल्या भरलेल्या घरी परत जातात. त्यांनी विचारलं, याला पुरावा? तुझ्याच तक्त्यात बावीस मुलं छान आहेत.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. तक्ता खोटा आहे असं म्हटलं तर पहिला प्रश्न, वही कोणी लिहिली? मग तुझं दार बंद. गप्प बसले तर शाळाशाळांतून बटणं उभी राहतील, टाचा जुळवून. आणि सही केली नाही तर मॅडम दुसऱ्या कोणाची घेतील. पहिल्या अहवालावर माझी आहेच, ती पुसता येत नाही. तीन दिवस मी खोलीत फेऱ्या मारते आहे. दारापासून खिडकीपर्यंत पाच पावलं होतात.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. तू मला वाढवलंस. वीस तारखेपर्यंत काहीतरी सुचेल.

मी छान आहे.

खारू

१६ सप्टेंबर

मावशी,

व्हॅन रिकामी आली. ड्रायव्हर म्हणाला, पाळणाघराला बाहेरून कडी होती. तुझी तब्येत बरी आहे ना? एवढंच कळव. बाकी काही नको.

खारू

१८ सप्टेंबर

खारू,

तब्येतीला धाड भरलेली नाही. कडी होती कारण त्या दिवशी पाळणाघर बंद ठेवून मी बटणच्या घरी गेले होते. भर दिवसा रस्त्याने चालत जाण्याची सवय मोडली आहे. दोनदा चुकले.

सोबत फडक्यात बांधलेल्या सात वह्या आहेत. नकला नाहीत, मूळ वह्या. प्रत्येक 'छान' खाली बघ. जिथे खरंच छान, तिथे काही नाही. जिथे झाली नाही, तिथे पेन्सिलीचा एक ठिपका. कण्हत झाली तर दोन. पोट दुखून रडलं तर तीन. आयांना छान वाचायला दिलं तरी दुसऱ्या दिवशी कोणाला मांडीवर घ्यायचं हे मला कळायला नको का? त्या ह्याच खुणा, ज्या मी उतरवल्या नव्हत्या. जूनपासूनची पानं वर ठेवली आहेत. तुझा तक्ता पुन्हा भर. पहिल्याच आठवड्यापासून ठिपके वाढत गेलेत, तुला दाखवायला आता पुरेल.

चौदा तारखेला संध्याकाळी सहाला आया आल्या तेव्हा मी कडी आतून लावली आणि सांगितलं. पाण्याचं, रांगेचं, ठिपक्यांचं. एकेकीला तिचं पान खरं वाचून दाखवलं. कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नऊ जणींनी मुलांच्या पिशव्या खुंटीवरून काढून घेतल्या. एकीने फक्त विचारलं, मग आजची खरी काय ती सांगा.

बटणची आई आली नव्हती, म्हणून मी गेले. वही तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, ठिपके मी रोज बघायची. मला वाटलं, शाळेत तारे देतात तसे आहेत. माझ्या पोरीला सगळ्यांत जास्त मिळतात म्हणून मी दुकानात सांगायची. तिला आणखी मिळावेत म्हणून घरीही तीच बिस्किटं देत होते, तुमच्याकडून मागून नेलेली.

बटण दाराआडून बघत होती. निघताना तिने मला पाण्याचा पेला आणून दिला. काठोकाठ भरलेला, निम्मा वाटेत सांडला.

आता तेरा मुलं आहेत. पाण्याची घागर बुटक्या स्टुलावर ठेवली आहे, ज्याला हवं त्याने घ्यावं. फरशी दिवसभर ओली आणि आजीबाईंच्या तोंडाला विश्रांती नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांचा संडास दुपारपर्यंत वापरायला दिला. ही मुलं टिकतील की जातील सांगता येत नाही.

आणि एक. तुझी पत्रं काल पुन्हा काढली. तीन पत्रांखाली लिहिलंयस, मी छान आहे. तुला ही सवय कुठून लागली ते मला विचारायला नको. पहिल्या दोन्हींखाली मी पेन्सिलीने एकेक ठिपका दिला आहे. पाच पावलांच्या पत्राखाली तीन.

मावशी

२७ सप्टेंबर

मावशी,

दोन दिवस बसून तक्ता नव्याने भरला. मॅडमनी तो उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला. ही बाई कोण, विचारलं. मी सांगितलं, माझी मावशी, आणि तिच्या पाळणाघरात मी चार वर्षं वाढले, हे मी आधीच सांगायला हवं होतं. पहिल्या अहवालावरची माझी सही मी मागे घेतली. तसा कागद लिहून दिला, त्यावरही सही लागते.

बिस्किट शाळांत जात नाही. तीन ग्रॅमपासून पुन्हा सुरुवात, पाणी मोजून, डॉक्टर समोर ठेवून. तो प्रयोग दुसरं कोणी करेल. शहरातल्या कचेरीत दुसरी मुलगी गेली. मी इथेच, पुढे किती ते कोणी सांगितलं नाही. मला कोठारात नोंदींचं काम दिलंय, म्हणजे खिडकीतून दिसायची त्या भिंतीच्या आत. बॅग परत कपाटावर ठेवली. बंद करताना चेन अडकली, तेव्हा बसून रडले.

सात वह्यांपैकी सर्वांत जुनी मी परत पाठवत नाही. तिच्यात माझं पान आहे. पावसाळ्यातल्या एका आठवड्यात 'छान' खाली रोज तीन तीन ठिपके आहेत, आणि शेवटच्या ठिपक्यापाशी कागद खरवडला आहे, पेन्सिल जोरात दाबल्यासारखा. म्हणजे तुला माहीत होतं. मला इतकी वर्षं वाटायचं, हिरव्या दाराच्या आत मी एकटीच होते.

बटणचं कळव. घागर भरलेली ठेव.

मी छान नाही, मावशी. हे लिहिलं आणि जरा मोकळं वाटलं.

तुझी खारू